प्रेक्षक आणि बघ्या

पाहणाऱ्या माणसाला मराठीत दोन नावे आहेत. नाट्यगृहात आसनावर बसून पाहतो तो प्रेक्षक. रस्त्यावर अपघात झाला असता कडे करून उभा राहतो तो बघ्या. दोघांचे डोळे उघडे असतात, दोघांचे हात रिकामे असतात आणि पाहून झाले म्हणजे दोघेही आपापल्या घरी जातात. असे असूनही पहिल्या शब्दात आदर आहे आणि दुसऱ्यात तुच्छता. याचे कारण उघड आहे. रंगमंचावर रडणाऱ्या स्त्रीच्या मदतीस कोणी धावून गेला तर त्याला आपण खुळा म्हणू. रस्त्यावर रडणाऱ्या स्त्रीच्या मदतीस कोणीच धावले नाही तर सर्वांनाच निर्दय म्हणू. स्वस्थ बसणे तेच. ते एके ठिकाणी सभ्यता ठरते व दुसऱ्या ठिकाणी अपराध ठरते. हा भेद आजवर नाट्यगृहाच्या रचनेने सांभाळला. रंगमंचाची उंची, पडदा, आसनांच्या रांगा या सर्वांनी मिळून एक सीमा आखलेली होती. ही सीमा हेतुपुरस्सर पुसून टाकणारी नाटके आता होऊ लागली आहेत, आणि त्यामुळे या दोन शब्दांतील अंतर नेमके किती, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे.

आपल्या बालाघाटात तरी हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिलेला नाही. आपल्या जुन्या मराठी कुटुंबांतील काही तरुण मुलामुलींनी येत्या हिवाळ्यात एक भयनाट्य करण्याचे योजिले आहे. त्यांना मोठे सभागृह नको. तीस-चाळीस माणसे मावतील एवढी एक खोली, सतरंज्या, एकदोन कंदील आणि बाकी काळोख एवढीच त्यांची मागणी आहे. नट प्रेक्षकांच्या मधून वावरतील, त्यांच्या कानाशी कुजबुजतील, प्रसंगी त्यांनाच प्रश्न विचारतील. यावरून ज्येष्ठ मंडळींत दोन तट पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, माणसांना घाबरवून त्याचे पैसे घेणे साहित्यप्रेमी मंडळींना शोभत नाही. दुसरा म्हणतो, मुले मराठीत काही करू पाहतात, त्यांना अडवू नये. आम्हांस दोन्ही पक्षांचे म्हणणे अपुरे वाटते. पहिल्या पक्षाने भय म्हणजे काय याचा विचार केलेला नाही आणि दुसऱ्याने मराठीपणाच्या आनंदात नाटकाचाच विचार बाजूस ठेवला आहे. या लेखाचा प्रपंच एवढ्यासाठीच.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की भयाची हौस नवी नाही आणि परकीही नाही. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले तेव्हापासून मराठी नाटकात राक्षस आहेत. त्या काळच्या नाटक मंडळींत राक्षसांच्या भूमिका करणाऱ्या नटांचा स्वतंत्र ताफाच असे. राळेचा भडका उडवीत, तलवारी परजीत आणि 'अलल्डुर्र' अशी आरोळी ठोकीत राक्षस प्रवेश करीत, आणि लहान मुले आईच्या पदरात तोंड लपवीत. आपल्याकडे धानाची कापणी आटोपली की मंडईचे दिवस येतात. १९५६ साली नव्या प्रांतरचनेत भंडारा-गोंदियाचा भाग मुंबई राज्यात गेला व आपण मध्य प्रदेशात राहिलो. पण मंडई, दंडार आणि झाडीपट्टीचे रात्रभर चालणारे नाटक यांनी ती सीमा कधी फारशी मनावर घेतली नाही. आमच्या पिढीतील कित्येकांनी त्या वेळच्या नॅरोगेज गाडीने गोंदियाकडे जाऊन, अंगावर घोंगडी घेऊन, पहाटेपर्यंत ही नाटके पाहिली आहेत. त्या झाडीपट्टीतील एक ज्येष्ठ कलावंत श्री. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्याकडेही अनेकांना घरचाच सन्मान झाल्यासारखे वाटले. तेथेही खून होतात, खलनायक गर्जतो, रक्त सांडते. परंतु तेथे पाच-सात हजार माणसे एकत्र बसलेली असतात. भय सर्वांत वाटले जाते, आणि वाटले गेले की हलके होते.

लहान खोलीतील भयाची जात मात्र वेगळी आहे. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पॅरिस शहरातील. तेथे १८९७ साली ग्राँ गिन्योल या नावाचे एक नाट्यगृह सुरू झाले. पूर्वीचे एक प्रार्थनामंदिर होते, त्यातच हे थाटले होते. आसने अवघी २९३. छताशी जुन्या लाकडी देवदूतांच्या मूर्ती तशाच राहिल्या होत्या आणि त्यांच्या खाली खून, वेड, छळ यांची छोटी छोटी नाटके होत. मध्ये मध्ये एखादा विनोदी प्रवेश घालीत, म्हणजे प्रेक्षक सैलावे आणि पुढील धक्का अधिक जोराने बसावा. प्रेक्षक रंगमंचाच्या इतके निकट असत की नटाच्या कपाळावरील घाम दिसे. हे नाट्यगृह १९६२ साली बंद पडले. त्या वेळच्या संचालकांनी दिलेले कारण विचार करण्याजोगे आहे. महायुद्धापूर्वी लोकांना रंगमंचावरील क्रौर्य अशक्य कोटीतील वाटे. छळछावण्यांची हकीकत जगापुढे आल्यावर कळले की याहून भयंकर गोष्टी माणसे खरोखर करू शकतात. मग आम्ही त्यांची बरोबरी कशी करावी? अशा आशयाचे ते उद्गार होते. ज्या भयाला जगात जागा नाही असे प्रेक्षकांना वाटत होते तेच ते विकत घेत होते. ते भय रस्त्यावर भेटले तेव्हा खोलीतील भयाची किंमत गेली.

आपल्या परंपरेत या विषयाचा विचार फार आधी झाला आहे, आणि तो नाट्यगृहाच्या मापापासून सुरू होतो. भरतमुनींनी प्रेक्षागृहाची तीन मापे सांगितली: १०८ हातांचे, ६४ हातांचे व ३२ हातांचे. माणसांसाठी त्यांनी मधले माप पसंत केले, ६४ हात लांब व ३२ हात रुंद. हात म्हणजे सुमारे दीड फूट धरला तर ९६ फूट बाय ४८ फूट. याहून मोठे झाले तर शब्द विरतो आणि मुद्रेवरील भाव दिसत नाही, असे कारण त्यांनी दिले आहे. म्हणजे सान्निध्याचे महत्त्व त्यांना पुरेपूर ठाऊक होते. भयानक हा रस त्यांनी आठ रसांत गणला. ओसाड घर, अरण्य, कोल्हा-घुबडांचे आवाज, आप्तांचा वध अथवा बंधन ही त्याची कारणे सांगितली. मात्र वध, युद्ध, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या निवेदनातून कळाव्यात, असाही दंडक घातला. भय हवे, पण त्याचे कारण डोळ्यांपुढे मांडू नये, असा हा तोल आहे.

भरतांनी भयानकाचे तीन प्रकार केले आहेत, त्यांकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. एक भय खोटे, बतावणीचे. दुसरे अपराधातून उपजणारे. तिसरे धाक दाखविल्याने निर्माण होणारे. आजची बहुतेक भयनाट्ये तिसऱ्या प्रकारात रमतात: अचानक आवाज, अचानक दिवा, अचानक हात. पहिला प्रकार करमणुकीचा आहे. आमच्या मते लहान खोलीतील नाटकाला खरा अधिकार पोहोचतो तो दुसऱ्या प्रकारावर.

हे स्पष्ट करण्यासाठी एका प्रयोगाची हकीकत सांगणे आवश्यक आहे. गेल्या वर्षी नागपुरात, एका पुतण्याच्या आग्रहावरून, आम्ही असे एक नाटक पाहिले. एका जुन्या घराची माडी, चारही भिंतींशी सतरंज्या, चाळीसच्या आसपास माणसे. वाड्यातील सुनेला 'बाहेरची बाधा' झाली आहे, असे कथानक. घरची माणसे मांत्रिक बोलावतात, तिला खोलीत कोंडतात, कडुनिंबाच्या फांद्यांनी झोडपतात, तीन दिवस पाणी देत नाहीत. नाटकभर प्रेक्षक घाबरत होते ते त्या सुनेला. ती अंधारातून सरपटत येई, कोणाच्या गुडघ्याशी थांबे आणि घोगऱ्या आवाजात म्हणे, "पाणी." लोक अंग चोरीत, काही हसत, एका मुलीने तर डोळे गच्च मिटून घेतले. चारपाच जणांपुढे असे झाल्यावर ती एका वृद्ध बाईंपुढे आली. त्या बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडले आणि तिच्या ओठांशी धरली.

क्षणभर सर्व थांबले. मांत्रिकाची भूमिका करणाऱ्या नटाचा फांदी धरलेला हात वरच्या वर राहिला. नटी पाणी प्यायली. खरोखरच प्यायली. मग तिने आपले पुढचे वाक्य उचलले व नाटक पुढे चालले. पण खोलीतील भय गेले होते, ते परत आले नाही. प्रयोग संपल्यावर खाली अंगणात तरुण मंडळी कुरकुरत होती की आजींनी रंगाचा बेरंग केला. आजी चपला शोधत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "तिनं पाणी मांगतलं, म्या देल्लं. त्यात काय बिघडलं?"

काय बिघडले, हाच आमचा प्रश्न आहे.

तरुणांची बाजू दुबळी नाही. तिला अभिनवगुप्तांचा आधार मिळू शकेल. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरात होऊन गेलेल्या या आचार्यांनी रसास्वादात येणारी विघ्ने मोजून ठेवली आहेत. त्यांतील एक असे: जे पाहतो ते माझेच आहे, किंवा अमक्या दुसऱ्या माणसाचेच आहे, असे वाटू लागणे. भयाचे उदाहरण देताना त्यांनी 'शाकुंतला'तील पळणाऱ्या हरिणाचा प्रसंग घेतला आहे. ते भय त्या एका हरिणाचे राहत नाही आणि प्रेक्षकाचे स्वतःचेही होत नाही. ते नुसते भय म्हणून चाखले जाते. माझ्यावरच बाण येत आहे असे वाटले तर मी उठून पळेन. तो एका जनावराचा प्रश्न आहे असे वाटले तर मला काहीच वाटणार नाही. या दोहोंच्या मधली जागा म्हणजे नाट्य. या न्यायाने आजी त्या जागेवरून घसरल्या. नटीची तहान त्यांनी खरी मानली.

परंतु येथे एक गोष्ट सुटते. अभिनवगुप्तांचे हरीण प्रेक्षकाच्या मांडीशी येऊन थांबत नाही. मोठ्या नाट्यगृहात रंगमंचावरील तहानलेली स्त्री दुसऱ्या पात्राकडे पाणी मागते. ते पात्र ते नाकारते आणि आपण ती नकाराची गोष्ट पाहतो. या माडीवर तिने पाणी मागितले ते प्रेक्षकाकडे. त्याच्या डोळ्यांत पाहून, त्याच्या श्वासाच्या अंतरावरून. नाट्यकर्त्यांनी सीमा पुसली ती आपल्या सोयीसाठी. भय अधिक अंगावर यावे म्हणून. सीमा पुसल्यावर पलीकडून उत्तर आले तर ते नाट्याबाहेरचे, असे त्यांना कसे म्हणता येईल? ज्याला प्रश्न विचारला त्याने उत्तर देऊ नये अशी अपेक्षा असेल, तर तो प्रश्न नव्हता आणि तो प्रेक्षक एक सजावट होता. आमचे मत असे की आजींनी नाटक मोडले नाही. नाटकाने जे मागितले ते दिले. पहिल्या चारपाच जणांनी ते दिले नाही, हेच वास्तविक त्या नाटकातील खरे भय होते, आणि दिग्दर्शकाच्या ध्यानी ते आलेले दिसले नाही. अपराधातून उपजणारे भय त्या खोलीत हजर होते. त्याला कोणी वाट करून दिली नाही.

प्रेक्षकाने मध्ये पडण्याच्या अशा आणखी दोन कथा आहेत. 'नीलदर्पण' हे दीनबंधू मित्रांचे बंगाली नाटक निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमावर आहे. १८७२ साली कोलकात्यात त्याचा प्रयोग झाला तेव्हा गोऱ्या मळेवाल्याची भूमिका करणाऱ्या नटावर ईश्वरचंद्र विद्यासागरांनी संतापाने पायातील जोडा फेकला आणि नटाने तो पारितोषिक म्हणून मस्तकी धरला, अशी आख्यायिका सांगितली जाते. दुसरी कथा नाट्यशास्त्राच्या आरंभीच आहे. इंद्रध्वजाच्या उत्सवात पहिला नाट्यप्रयोग झाला, त्यात दैत्यांचा पराभव दाखविला होता. प्रेक्षकांत बसलेले दैत्य चिडले आणि विघ्नांच्या साहाय्याने त्यांनी नटांची वाणी, हालचाल व स्मृती गोठवून टाकली. मग इंद्राने ध्वजाची काठी घेऊन त्यांना झोडपले, आणि नटांच्या संरक्षणासाठी विश्वकर्म्याकडून पहिले नाट्यगृह बांधवून घेण्यात आले. ही कथा फार मोलाची आहे. नाट्यगृहाच्या भिंती ऊन-पावसासाठी उभ्या राहिल्या नाहीत. नटाला प्रेक्षकापासून भय होते म्हणून त्या उभ्या राहिल्या.

आज भिंती पाडण्याची हौस असणाऱ्यांनी ही कथा लक्षात ठेवावी. लंडनच्या पंचड्रंक या मंडळीचे 'स्लीप नो मोअर' हे 'मॅकबेथ'वर आधारलेले नाटक न्यूयॉर्कमध्ये २०११ पासून जानेवारी २०२५ पर्यंत चालले. तेथे प्रेक्षकांना पांढरे मुखवटे दिले जात आणि मौनाची अट असे. त्यांनी एका मोठ्या इमारतीच्या मजल्यांवरून नटांच्या मागे मागे हिंडायचे. कल्पना विलक्षण खरी. पण २०१८ साली तेथील काही कलावंतांच्या तक्रारी वृत्तांतून प्रसिद्ध झाल्या की मुखवट्याआडून काही प्रेक्षक त्यांना नको तेथे स्पर्श करीत. मुखवट्याने प्रेक्षकाचे नाव काढून घेतले आणि नाव गेल्यावर त्याच्या आतला बघ्या मोकळा झाला. आजींनी मध्ये हात घातला आणि या लोकांनीही हात घातला. फरक एवढाच की आजींचा हात मागितल्यावर पुढे झाला.

आपल्या मराठी रंगभूमीने हा विषय भूताखेतांविना मांडून ठेवला आहे. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली रंगभूमीवर आले. एक नाटक मंडळी गावी प्रयोगासाठी येते. वेळ जावा म्हणून लुटुपुटीचा खटला चालवते. आरोपी म्हणून लीला बेणारे हिला उभे करते. खेळ म्हणून सुरू झालेल्या गोष्टीत एकेक माणूस आपला खरा विखार ओतू लागतो, आणि ती निघून जाऊ पाहते तेव्हा दाराची कडी निघत नाही. शेवटी हा तर सारा खेळच होता, असे म्हणून मंडळी हात झटकतात. याहून भयंकर भयनाट्य आम्हांस ठाऊक नाही. त्यात सामंत नावाचा गावचा एक साधा माणूस आहे. तो खरे म्हणजे प्रेक्षक. त्याला खेळात ओढून साक्षीदार करतात आणि तो बिचारा एका कादंबरीतली वाक्ये साक्ष म्हणून सांगून टाकतो. त्या सांगण्याने बेणारेभोवतीचा फास आवळला जातो. प्रेक्षकाला नाटकात ओढले म्हणजे तो आपोआप सुजाण होतो असे नाही. तो खोटा साक्षीदारही होऊ शकतो. मात्र अखेरीस सर्व निघून गेल्यावर, कोसळलेल्या त्या स्त्रीजवळ कापडी पोपट ठेवून जाणाराही हा सामंतच. आजींची बाटली आणि सामंताचा पोपट ही एकाच घरातली भावंडे आहेत.

त्याच तेंडुलकरांचे 'गिधाडे' १९७० साली डॉ. श्रीराम लागू यांनी सादर केले. भावांनी लाथा मारून बहिणीचा गर्भपात घडविण्याचा त्यातील प्रसंग. तिच्या साडीवरील तांबड्या डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि प्रेक्षकांनी तो तांबडा आहे असे समजावे, अशी सूचना प्रयोगापूर्वी देण्यात येऊ लागली. या हकीकतीला लोक हसतात. आम्हांस तिच्यात एक मोठी शिकवण दिसते. प्रयोगापूर्वी प्रेक्षकाला विश्वासात घेऊन सांगितले तर भय कमी होत नाही. निळा डाग तांबडा करण्याचे काम प्रेक्षकाने स्वतःच्या मनात केले, आणि स्वतः केलेल्या कामाची जबाबदारी माणसाला अधिक जाणवते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाहणाऱ्याच्या हातून दोन प्रकारची गफलत होऊ शकते. नाटक खरे मानणे ही एक. खरे ते नाटक मानणे ही दुसरी. पहिली गफलत आजींची असेल तर ती निरुपद्रवी आहे. फार तर एका संध्याकाळचा रंग जाईल. दुसरी गफलत माणसांचे जीव घेते. शासकीय सेवेत असताना पंचनाम्याचे प्रसंग आम्ही पुष्कळ पाहिले. घटना घडताना जेथे दोनशे माणसे होती तेथे पंच म्हणून सही करायला दोन मिळत नसत. पोलिसांचा ससेमिरा नको, हे त्यांचे कारण त्या वेळी अगदीच खोटे नव्हते. आता अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक स्वरूप दिले आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले. कायद्याची सबब संपली, तरीही कडे तसेच उभे राहते. फक्त रिकामे हात आता रिकामे नाहीत, त्यांत मोबाईल आहेत. समोरची वेदना हे एक दृश्य आहे, अशी सवय डोळ्यांना जडली आहे. ज्या नाटकात पाणी मागणाऱ्याला पाणी न देणे हाच शिष्टाचार ठरतो, ते नाटक या सवयीला खतपाणी घालते. हा आमचा त्यावरचा खरा आक्षेप आहे; ते घाबरवते हा नव्हे.

घाबरवण्याबद्दल एवढेच सांगू की आपल्या भागात भयाचा धंदा करणारे दुसरेच आहेत. मांत्रिकाची खोलीही काळोखी असते. धूप, किंकाळी, अंगात येणे सर्व तेथे असते, आणि पैसेही मोजावे लागतात. तेथे मार सोसणारी स्त्री मात्र नटी नसते. आपल्या जिल्ह्याच्या एका सीमेवर छत्तीसगड आहे. तेथे २००५ साली टोनही म्हणून स्त्रियांच्या होणाऱ्या छळाविरुद्ध कायदा झाला. दुसऱ्या सीमेवर महाराष्ट्र, तेथे डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यावर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. नाटकवाला सांगतो की हे खोटे आहे, तुम्ही आपखुशीने आला आहात, दोन तासांनी घरी जाल. मांत्रिक यांतले काहीच सांगत नाही. भय विकण्याचा प्रामाणिक व अप्रामाणिक प्रकार असा ओळखता येतो. म्हणून बाधा झालेल्या सुनेला भयंकर ठरवणारे नाटक आम्हांस दुहेरी चुकीचे वाटते. भ्यायचे कोणाला, हे ते उलटे शिकवते. त्या माडीवर भीती वाटायला हवी होती ती फांदी धरलेल्या हाताची, आणि तो हात पाहत बसलेल्या आपल्या सर्वांची.

तेव्हा मुलांनी नाटक जरूर करावे, असे आमचे मत आहे. खोली लहान असावी, काळोख असावा, नट जवळ यावेत. परंतु काही गोष्टी त्यांनी पाळाव्यात. प्रयोगाआधी, त्या निळ्या डागाप्रमाणे, प्रेक्षकांना स्पष्ट सांगावे की काय होणार आहे व कशाची अपेक्षा नाही. दाराची कडी आतून निघावी आणि ज्याला उठून जायचे असेल त्याला कोणी हसू नये. विचारल्याविना कोणी कोणाला स्पर्श करू नये. हा नियम नटांना व प्रेक्षकांना सारखाच असावा, कारण भिंती प्रथम कोणासाठी बांधल्या गेल्या हे आपण पाहिले. अंधश्रद्धेला खरे ठरवील असे कथानक नसावे. प्रेक्षकाला प्रश्न विचारायचा असेल तर त्याच्या उत्तराला संहितेत जागा ठेवावी. तो पाणी देईल तर पुढे काय, न देईल तर पुढे काय, दोन्हींची तालीम करावी. दुसऱ्या तालमीतच त्यांच्या नाटकाचा खरा भयप्रवेश सापडेल, अशी आमची अटकळ आहे.

आणखी एक. संस्कृत नाटक भरतवाक्याने संपते. सर्वांचे कल्याण असो, अशी प्रार्थना करून प्रेक्षकांना घरी पाठवण्याची ती रीत. भयनाट्याला तर तिची गरज अधिक. प्रयोग संपला की दिवे लावावेत, नटांनी रंग पुसून सतरंजीवर येऊन बसावे, आणि पाव तास सर्वांनी एकमेकांशी बोलावे: कोणाला केव्हा उठावेसे वाटले, आणि तो का उठला नाही. ज्येष्ठ मंडळींनी या बैठकीस अवश्य यावे. येत्या मासिक सभेत हा विषय निर्णयासाठी यायचा आहे, तेव्हा होकार किंवा नकार देण्यापूर्वी हाच प्रश्न प्रत्येकाने आधी स्वतःला विचारून पाहावा, एवढी विनंती.